तपकीर गल्लीतल्या चार माळा आणि वीस रात्री

दिवाळीसाठी घेतलेल्या विजेच्या माळांबद्दल दिवाळीतच लिहायला बसले असते, तर सगळ्यांचे कौतुक करून मोकळी झाले असते, कारण पहिल्या संध्याकाळी कोणतीही माळ सुंदरच दिसते. म्हणून २०२५ च्या वसुबारसेला, म्हणजे १७ ऑक्टोबरला, लावलेल्या माळा ५ नोव्हेंबरच्या त्रिपुरी पौर्णिमेनंतर उतरवल्या, पुसून खोक्यांत भरल्या आणि मगच हे परीक्षण लिहायला घेतले. या वीस रात्रींत त्यांनी दुपारचे ऊन सोसले, रस्त्यावरची धूळ खाल्ली, भाऊबीजेनंतर आलेला अवकाळी पाऊस झेलला आणि त्यांतल्या एकीने आमच्या सबंध घराची वीजही घालवली. चार प्रकारच्या माळा होत्या. एक पुन्हा बाहेर लावणार नाही, एक जपून लावीन, एक चालून जाते आणि एक प्रत्येकाने घ्यावी असे मला वाटते.

आमचे घर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेले दुमजली रो-हाउस आहे. दर्शनी बाजूला वर गच्चीचा कठडा, मधल्या मजल्यावर लोखंडी ग्रिलची बाल्कनी, खाली चार पायऱ्या, छोटे अंगण, फाटक आणि फाटकाशी पारिजातकाचे झाड, एवढाच पसारा आहे. आजवर आम्ही ऐन वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळतील त्या माळा आणून ग्रिलला गुंडाळत असू. यंदा मात्र घराचा आकार उठून दिसेल अशी रोषणाई करायची आणि ती करताना कोणी शिडीवरून पडणार नाही, कोणाला करंट लागणार नाही, एवढे सांभाळायचे असे ठरवले. खर्चाची मर्यादा पाच हजार रुपयांची होती आणि ती वायरमनच्या मजुरीसह जवळपास पाळली गेली.

खरेदीला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. पुण्यात विजेचे सामान म्हटले की पाय तिकडेच वळतात. मंडईच्या मेट्रो स्थानकावर उतरून चालत गेले, आणि गाडी न नेण्याचा हा निर्णय त्या दिवशीच्या माझ्या सर्व निर्णयांत सर्वांत शहाणपणाचा ठरला, कारण दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात त्या गल्लीत माणसालाच कसेबसे शिरता येते. गल्लीचा मोठा गुण असा की माल लावून दाखवतात. दुकानदार न सांगता माळ बोर्डात खोचतो, तिचे लुकलुकण्याचे आठही खेळ करून दाखवतो आणि मगच भाव बोलतो. दोष असा की स्वस्त मालावर बिल मागितले की समोरचा चेहरा एकदम परका होतो. एका दुकानात मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण शोधत होते, तेव्हा दुकानदार म्हणाले, "ताई, एकशेवीस रुपयांच्या माळेला काय वाचताय? सीझन काढला की झालं." सीझन काढला की झाले, हेच त्या मालाचे खरे वर्णन आहे आणि ते विकणाऱ्यानेच प्रामाणिकपणे करून टाकले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एलईडीच्या माळा आणि त्यांचे अडॅप्टर ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात; नोंदणी झालेल्या मालावर इंग्रजी 'आर' आणि त्यापुढे आठ आकडे असतात, आणि ते आकडे 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये घालून खरे की खोटे हे दुकानाच्या पायरीवरच तपासता येते. मी दोन मालांचे तपासले. एकाचा क्रमांक दुसऱ्याच कोणत्या तरी वस्तूचा निघाला, तो माल परत ठेवला.

पहिली माळ म्हणजे सर्वांच्या घरी असते तीच, बाजारात जिला राइस लाइट म्हणतात ती. साधारण चाळीस फूट लांब, दोन पिनांची, बटणाचा छोटा डबा असलेली. तीन घेतल्या, प्रत्येकी १२० रुपये. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' असे लाल अक्षरांत छापलेले होते, मात्र पाण्यापासून किती संरक्षण आहे हे सांगणारा आयपी क्रमांक कुठेच नव्हता. हा क्रमांक वाचणे सोपे आहे: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य, ४४ म्हणजे शिंतोडे चालतील, ६५ म्हणजे पाण्याचा झोत मारला तरी चालेल, आणि ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी जाणार नाही. तेव्हा नुसत्या 'वॉटरप्रूफ' या शब्दाला फारशी किंमत देण्याचे कारण नाही. शिवाय माळेच्या दिव्यांवर पारदर्शक टोप्या असल्या, तरी बटणाच्या डब्याला आणि पिनेला पाण्यापासून काहीच संरक्षण नसते, आणि पाऊस नेमका त्या डब्याच्या फटीतून आत जातो.

त्यांतल्या एका माळेचा डबा मी दिवाळीनंतर उघडून पाहिला. आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर चार डायोड, काळ्या राळेचा एक ठिपका, तीन-चार बारीक थायरिस्टर आणि एक रेझिस्टर, बस. ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे घरच्या विजेपासून माळ वेगळी करणारी कोणतीही भिंत नाही. या माळेतल्या एकेका दिव्याला तीन व्होल्टच लागतात, तेव्हा ती निरुपद्रवी असणार, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि माझाही होता. प्रत्यक्षात दिवे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे तीन व्होल्ट हा दोन शेजारच्या टोकांमधला फरक असतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने त्या तारेला उघड्या जागी हात लावला, तर त्याला घरातल्या बोर्डात बोट घातल्याइतकाच धक्का बसू शकतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते, आणि ते सारे अडवायला तारेवर असते ते वालाच्या सालीएवढे प्लास्टिक. एका माळेच्या पिनेच्या पाठीवर दुसरी खोचायची, तिच्या पाठीवर तिसरी, ही सोय पाहून आपण खूश होतो. पण मग तिन्ही माळांचा भार पहिल्या पिनेवर येतो.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, पाऊस आला. पाऊस म्हणजे मुसळधार काही नव्हता, पागोळ्या लागाव्यात एवढाच. पाचेक मिनिटांत बाल्कनीतल्या राइस लाइट विझल्या आणि त्यांच्याबरोबर सगळे घरही. सासूबाईंना वाटले महावितरणने वीज घालवली, पण समोरच्या घरात टीव्ही चालू दिसत होता. मुख्य बोर्डातला आरसीसीबीचा, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, ज्याला आपल्याकडे अजून बरेच लोक ईएलसीबीच म्हणतात, खाली पडलेला होता. वर केला की पुन्हा पडे. शेवटी बाहेरच्या माळांच्या पिना एकेक काढल्या, आणि बाल्कनीतली पिन निघाल्यावर खटका वर राहिला. दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे वायरमनदादा आले, त्यांनी हातात रबरी मोजे घालून, पिन काढलेली आहे याची दोनदा खात्री करून, ग्रिलवरून तार बोटभर बोटभर चाचपत नेली आणि कोपऱ्यात थांबले. तिथे ग्रिलच्या दोन गजांच्या सांध्यावर वेल्डिंगचा कंगोरा होता. वाऱ्याने माळ हलून हलून तार त्यावर घासली गेली होती आणि प्लास्टिक फाटून तांब्याचे दोन-तीन केस बाहेर डोकावत होते. कोरड्या हवेत ते नऊ दिवस तसेच असावेत. लोखंड भिजले आणि करंट ग्रिलमधून ओल्या भिंतीत उतरला.

"वहिनी, हा खटका नसता ना, तर ग्रिल तसंच जिवंत राहिलं असतं," दादा म्हणाले, "आणि सकाळी तुम्ही टॉवेल वाळत घालायला आला असता." मी त्यावर काही बोलले नाही. साधा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा खटका, अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण सहा अँपिअरच्या एमसीबीला असली गळती खिजगणतीतही नसते. आरसीसीबी मात्र घरात गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो, आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. माळा लावण्याआधी ते दाबून खटका खरोखरच पडतो की नाही हे पाहावे. आमचे बटण गेल्या दोन वर्षांत कोणी दाबलेले नव्हते, तरी तो चालला, हे आमचे नशीब. त्याची मर्यादाही ठाऊक असावी: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली आणि जमिनीत काहीच उतरले नाही, तर त्याला फरक दिसत नाही आणि तो पडत नाही. ज्या घरात हा खटकाच नाही, त्या घरी २३० व्होल्टची माळ बाहेर लोखंडावर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी माळ रोप लाइट, म्हणजे जाड पारदर्शक नळीतली पट्टी. मीटरला ५५ रुपये, पंधरा मीटर घेतली, अडॅप्टरची पिन आणि टोकाच्या टोप्या वेगळ्या. गच्चीच्या कठड्याची सरळ रेषा काढायला हिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. लांबून पाहताना दिवे सुटे दिसत नाहीत, उजेडाची एक अखंड ओळ दिसते आणि घराला एकदम कडा येते. हीसुद्धा २३० व्होल्टचीच असते, मात्र नळी जाड असल्यामुळे घासण्याचे भय कमी. जपायच्या जागा निराळ्या आहेत. ही माळ मीटर-मीटरच्या खुणेवरच कापता येते, खूण सोडून कापली तर तेवढा तुकडा मेला म्हणून समजा. कापताना ती बोर्डातून काढलेली हवी. आणि कापलेल्या टोकाला टोपी घालून आत सिलिकॉन भरले नाही, तर नळी पन्हळीसारखी पाणी आत ओढते. दुकानदाराने टोपी नुसतीच चढवून दिली होती. दादांनी ती काढली, नळीतून सिलिकॉनची बारीक वेटोळी आत सोडली आणि रात्रभर सुकू दिली. दुसरी गोष्ट, रीळ गुंडाळलेले असताना माळ फार वेळ पेटवून पाहू नये, उष्णता आतल्या आत कोंडते आणि नळी मऊ पडते. अडॅप्टरच्या दोन सुया पट्टीतल्या दोन तारांत नेमक्या शिरायला हव्यात आणि उलट शिरल्या तर माळ पेटत नाही. अशा वेळी माळ खराब आहे असे समजून परत करायला धावण्याआधी पिन काढून अडॅप्टर फिरवून लावावा. आमच्या रोप लाइटने वीस रात्री निमूटपणे काढल्या. रंगात मात्र फसगत झाली. पिवळसर म्हणून घेतलेली माळ दुकानाच्या पांढऱ्या उजेडात पिवळी दिसली होती, घरी अंधारात ती दवाखान्याच्या ट्यूबसारखी निघाली. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये लिहितात; पिवळसर हवी असेल तर २७०० ते ३००० केल्व्हिन असे लिहिलेली घ्यावी. ६५०० लिहिलेली माळ पांढरीच असते, विकणारा तिला काहीही म्हणो.

सौर माळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ७४० रुपयांना घेतली, पारिजातकाला गुंडाळली, करंटची चिंता नाही, तार ओढायची नाही, बोर्ड नको, हे सगळे खरे आहे. पण तिचे पॅनेल तळहाताएवढे, आतली बॅटरी पेन्सिल सेलएवढी. ऊन चांगले असले तर साडेदहापर्यंत जळे, ढगाळ दिवशी आठलाच डोळे मिटी. पहिले दोन दिवस तर ती लागलीच नाही. कारण शोधताना कळले की अंधार पडला हे ती पॅनेलवरूनच ओळखते आणि आमच्या फाटकाशी असलेला पथदिवा नेमका पॅनेलवर उजेड टाकत होता, त्यामुळे तिच्या लेखी संध्याकाळ होतच नव्हती. पॅनेल दिव्याला पाठ करून, दक्षिणेकडे थोडे तिरके लावले, तेव्हा गाडी रुळावर आली. झाडासाठी, फाटकासाठी, जिथे वीज नेणे धोक्याचे आहे अशा जागेसाठी ही माळ योग्य आहे; तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

चौथी माळ बारा व्होल्टची आहे, आणि हे परीक्षण लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. दहा मीटरची एक, अशा चार घेतल्या, प्रत्येकी ३८० रुपये, आणि आयपी ६७ क्रमांकाचा, पाच अँपिअरचा ॲल्युमिनिअमच्या डब्यातला अडॅप्टर ६५० रुपयांना. राइस लाइटच्या तिप्पट भाव ऐकून मी काउंटरवरून मागे सरले होते. तेव्हा दुकानातल्या काकांनी काहीही न बोलता पेटलेल्या माळेची उघडी दोन टोके स्वतःच्या चिमटीत धरून दाखवली. हा प्रयोग घरी करू नये हे सांगायला नको, पण मुद्दा कळला. २३० व्होल्ट अडॅप्टरपाशी, घराच्या आतच थांबतात, बाहेर जातात ते बारा. ग्रिलवर तार घासली, पाणी आत गेले, लहान मुलाने माळ ओढली, तर फार तर माळ विझते.

हिची एक अडचण आहे आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. तेवढाच उजेड बारा व्होल्टवर हवा असेल, तर २३० व्होल्टच्या मानाने सुमारे एकोणीसपट करंट तारेतून जावा लागतो, आणि तार बारीक व लांब असली की वाटेतच व्होल्ट गळतात. आम्ही पहिल्या दिवशी चारही माळा एकापुढे एक जोडल्या. पहिली लखलखीत, दुसरी बरी, तिसरी मलूल आणि चौथी आजारी माणसाच्या खोलीतल्या रात्रीच्या दिव्यासारखी. दादांनी अडॅप्टर बाल्कनीच्या दाराच्या आत, मधोमध आणला, तिथून दीड चौरस मिलिमीटरची तार दोन्ही बाजूंना काढली आणि चारही माळांना वेगवेगळी वीज दिली. चौघी सारख्या झाल्या. पाच व्होल्टच्या रंगीत माळांत हा त्रास याहून वाईट असतो. तिथे निळ्या-हिरव्या दिव्यांना लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून पांढरा रंग लावला तर शेवटचे दिवे तांबूस दिसू लागतात. गणेशोत्सवाच्या मंडपात एखाद्या कमानीचे एक टोक असे लाजल्यासारखे लाल झालेले दिसते, त्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते. अडॅप्टर घेताना एवढा हिशेब करावा की माळांचे एकूण वॅट त्याच्या क्षमतेच्या पाऊणपटीच्या आत राहतील. आमचा साठ वॅटचा आहे आणि चार माळा मिळून २८ वॅट घेतात, त्यामुळे तो रात्री अकरालाही हाताला जेमतेम कोमट लागे.

लावण्याच्या कामाबद्दल. वायरमनदादांनी दोन तासांचे नऊशे रुपये घेतले आणि मला ते मुळीच जास्त वाटले नाहीत. बाल्कनीच्या कठड्यावर उभे राहून माळ बांधणारे सद्गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात, आमच्याही घरी एक आहेत, आणि यंदा त्यांना खाली शिडी धरायच्या कामाला लावले. शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर ठेवायचा याचे दादांचे माप सोपे होते: चार हात उंची असेल तर एक हात अंतर. खिळे आणि तारेचे यू-पिन त्यांनी पिशवीतून काढूच दिले नाहीत. खिळा तारेशेजारी ठोकला असे आपल्याला वाटते आणि तो तारेतूनच गेलेला असतो. कठड्याला चिकटणारे प्लास्टिकचे हुक, ग्रिलला नायलॉनच्या पट्ट्या, आणि जिथे जिथे लोखंडाचा कंगोरा होता तिथे जुन्या बागेच्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा मध्ये बसवला. हा तुकड्यांचा उपाय माळ फाटल्यानंतरचा, आधी सुचला असता तर वरची हकीकत लिहावी लागली नसती. घरात येणाऱ्या महावितरणच्या तारेपासून माळ हातभर दूर ठेवली. तिला बांधणे तर दूरच.

एक बारकावा मात्र मी त्यांच्याकडून शिकले, तो डोळ्यांनी पाहिला नसता तर लक्षात आला नसता. तार खिडकीतून आत घेण्याआधी त्यांनी ती चौकटीच्या खाली वीतभर लोंबू दिली आणि मग वर वळवून आत घेतली. पावसाच्या रात्री मी बॅटरी घेऊन पाहिले, तारेवरून ओघळत आलेला थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन थांबत होता, फुगत होता आणि खाली पडत होता. वर चढून बोर्डापर्यंत एकही गेला नाही. माळांचे जोड याच कारणासाठी तोंड खाली करून ठेवायचे. आणि तार सरकत्या खिडकीत चिरडू नये म्हणून खिडकीच्या खाचेत लाकडाची एक चिपाट ठेवली, ज्यामुळे डासही आत आले, पण त्याला इलाज नाही.

आता दिसण्याबद्दल. आधीच्या वर्षांत आमचे घर दिवाळीत रंगीत बर्फाच्या गोळ्यासारखे दिसत असे: लाल, हिरवी, निळी, लुकलुकणारी, धावणारी, एकमेकींशी स्पर्धा करणारी. यंदा सगळे खेळ बंद करून माळा स्थिर ठेवल्या, आणि सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी रस्त्यापलीकडे जाऊन पाहून सांगितले, "आता घर दिसतंय." गच्चीच्या कठड्याची एक आडवी रेघ, बाल्कनीच्या खालच्या कडेने दुसरी, पायऱ्यांच्या पोटाशी, पाऊल पडणार नाही अशा खोबणीत, तिसरी, एवढ्या तीन ओळींनी काम झाले. भिंत मोकळीच ठेवली. उजेडाला उठून दिसायला अंधारही लागतो, आणि भिंत माळांनी भरून काढली की दोन्ही संपतात. पडद्यासारख्या लोंबत्या माळा घ्यायचा मोह मी याच कारणासाठी टाळला. शिवाय खाली अंगणात पणत्या मांडायच्या होत्या, आणि पणतीच्या ज्योतीवर लोंबते प्लास्टिक नको. भुईनळे आणि फुलबाज्यांची जागाही फाटकाबाहेर नेली. तुळशीवृंदावनाला माळ घातली नाही, तिथे तिची ती एक पणती.

या सगळ्यात आकाशकंदिलाचा मान जाऊ नये ही खरी काळजी होती. कामट्यांचा, खळ लावून कागद चिकटवलेला, झिरमिळ्यांचा कंदील भाच्याने केला होता आणि तो माळांच्या उजेडात फिका पडला असता. म्हणून त्याच्याभोवती दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा माळेविना सोडली. आत पूर्वी साठचा बल्ब असे आणि कागद तपकिरी पडत असे. आता सात वॅटचा पिवळा एलईडी लावला, तो हाताला गरम लागत नाही. कंदिलाचे ओझे होल्डरच्या वायरवर न देता सुतळीवर दिले, वायर सैल ठेवली. वाऱ्यात कंदील हलतो तेव्हा ताण सुतळीवर येतो, वायरच्या स्क्रूवर येत नाही. होल्डर बाहेर असला तरी वरून कंदिलाची टोपी आणि छज्जा असल्यामुळे पावसात तो कोरडा राहिला.

विजेचा हिशेब मी पिनेत लावायच्या छोट्या मीटरने मोजला. टायमर लावून माळा साडेसहाला पेटत आणि अकराला विझत, म्हणजे रोज साडेचार तास. बारा व्होल्टच्या चार माळांना वीस रात्रींत अडीच युनिट लागले, रोप लाइटला पावणेआठ. सासूबाईंच्या माहेरी रंगीत झिरोच्या बल्बांचे तोरण असे, चोवीस बल्बांचे. झिरो म्हणवणारा तो बल्ब साधारण पंधरा वॅट खातो, तेव्हा त्याच हिशेबाने ते तोरण बत्तीस युनिटांच्या पुढे गेले असते. पण ते तोरण तीस वर्षे टिकले, हेही त्यांनी सांगायला कमी केले नाही.

उतरवताना माळा कोपराभोवती गुंडाळायची सवय मोडली. तशा गुंडाळल्या की प्रत्येक दिव्याच्या मुळाशी तारेला पीळ बसतो आणि पुढच्या वर्षी अर्धी माळ मुकी निघते. पुठ्ठ्याचे आयताकृती तुकडे कापून, दोन्ही टोकांना खाच पाडून, त्यांवर सैल गुंडाळल्या आणि प्रत्येकीवर लांबी, व्होल्ट आणि 'कुठे' असे लिहून ठेवले. रोप लाइटवर 'कठडा, रंग पांढरट, शक्य तर बदला' असे लिहिले आहे. सौर माळेची बॅटरी काढून वेगळी ठेवली. फाटलेली राइस लाइट वायरमनदादांनी पिनेजवळून कापून टाकली, म्हणजे कोणी टेप गुंडाळून तिला पुन्हा वापरू नये. उरलेल्या दोघी घरातच, देवघराच्या चौकटीला, लागतील, जिथे पाऊस येत नाही आणि ग्रिल नाही. पुढच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, गर्दी व्हायच्या आत, आणखी दोन बारा व्होल्टच्या माळा आणायच्या आहेत. अडॅप्टरवर तेवढी जागा अजून शिल्लक आहे.